पाचवी फकिरी

१६ जून, चाँदरात

अहो,

माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवला आहे, म्हणून कागद घेऊन बसले. लग्नाला तेरा वर्षं झाली, तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. आमच्या गल्लीतले पंढरीदादा किनवट-लातूर गाडीवर ड्रायव्हर आहेत. लातूरला गाडी थांबते तेवढ्या वेळात ते गंजगोलाईत तुमच्या दुकानात येऊन हे पत्र हातात देतील. त्यांच्यावर रागावू नका. चहा पाजलात तरी चालेल, भांड्यांच्या दुकानात एक कप तर निघेलच.

आज संध्याकाळी मोहरमचा चंद्र दिसला. मुजावर मौलासाब चाचांनी, पीर बसतात त्या आशुरखान्याच्या ओट्यावरून सगळ्यांना दाखवला. उद्या पहिली. रविवारी पाचवी, त्या दिवशी चाचा पीराच्या पंजाला ऊद दाखवून कपडा बांधतील आणि ती सवारी माझे अप्पा खांद्यावर घेतील. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि खांद्यावर हुसेनबाबाची सवारी, हे तुम्ही पाहिलेलं आहे. पहिल्या वर्षी तुम्ही मला हळूच विचारलं होतंत, आपल्यात हे चालतं का म्हणून. आमच्या गावात ते चार पिढ्या चालत आलं आहे. दहावी शुक्रवारी, २६ तारखेला. त्या दिवशी सवारी नदीवर थंड होते आणि सगळं संपतं.

मुद्द्यावर येते. त्याआधी अंजूला घेऊन या.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा तुमच्याच आईनं, आमच्या आत्याबाईंनी, याच ओट्यावर पदर पसरला होता. मी सवारीपुढं बोलले होते, लेकरू दे, पाच मोहरम त्याला तुझा फकीर करीन. पुढच्या वर्षी अंजू झाली. पहिल्या फकिरीला ती नऊ महिन्यांची होती. गळ्यात बांधलेला फकिरीचा नाडा चोखायची. तिला कडेवर घेऊन मी पाच घरी मूठमूठ जोंधळे मागितले, आणि हिरवं झबलं आत्याबाईंनी स्वतः शिवलं होतं. तेव्हा त्यांना त्यात कमीपणा वाटला नव्हता.

तिसऱ्या वर्षी मोहरम धोंड्याच्या महिन्यात आला. आत्याबाई म्हणाल्या, "अधिकात नवस फेडत नसतेत. पुढच्या साली बघू." मी चाचांना विचारलं तर ते हसले. "अधिक तुम्हारा बेटी, हमारा नई," म्हणाले. त्यांचे महिने बारा म्हणजे बाराच. तेरावा घुसवत नाहीत म्हणूनच तर मोहरम दरसाली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पण तुमच्या घरात आत्याबाईंच्या शब्दापुढं कोण जाणार? ते वर्ष तसंच गेलं. पुढची दोन झाली. म्हणजे चार झाल्या, पाचवी राहिली.

ती या मोहरमात करायची आहे. शाळा सुरू झाली आहे हे मला कळतं. मी दहा दिवस मागत नाही. एक दिवस आणा. तुम्ही आमच्या घरात पाऊल टाकू नका, बाहेर लिंबाखाली बसा, पाणीही पिऊ नका. फक्त तिला आणा.

उज्वला


१८ जून

अहो,

पंढरीदादा आज सांगून गेले. "दाजीनं वाचलं न्हाई ताई. ड्रॉवरात टाकलं अन् गिऱ्हाइकाकडं वळले." चहा पाजला नाहीत तो नाहीतच.

काल अलाव्याला पहिली कुदळ मारली. आशुरखान्यापुढचा तो गोल खड्डा, त्यात आता दहा दिवस जाळ राहील. मागच्या वर्षी अंजूनं त्यात मीठ टाकायचा नाद लावून घेतला होता. तडतड वाजतं म्हणून सारखी मीठ मागायला घरी पळायची, शेवटी माझ्या आईनं बरणीच वर ठेवली. या वर्षी बरणी खालीच आहे.

तिला बघून मला चार महिने झाले. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला इथं आणून सोडलंत. गाडी गावातसुद्धा घातली नाहीत, वेशीपाशीच थांबवलीत. अंजू मागच्या सीटवर झोपली होती. मी दार उघडायला गेले तर म्हणालात, "झोपू दे, उठवू नको." मला वाटलं, तुम्ही मला बॅग घेऊन खाली उतरायला सांगताय आणि मग तिला उचलून देणार. बॅग खाली ठेवेपर्यंत गाडी वळली होती. उठल्यावर तिला तुम्ही काय सांगितलंत, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही.

धोंड्याचा महिना परवाच संपला. अप्पांनी तुम्हाला दोनदा निरोप पाठवला, जावई म्हणून वाण घ्यायला या म्हणून. आईनं अनारसे केले होते. तेहतीस मोजून डब्यात भरले आणि महिना संपल्यावर गल्लीत वाटून टाकले. तुमच्यामुळं शेजारच्या शिवकांताच्या घरी दोन दिवस गोड झालं.

त्या कागदाबद्दलही एकदा लिहून टाकते. कपाटात तुम्ही विम्याची पावती शोधत होतात आणि तुम्हाला नांदेडच्या दवाखान्याचा माझ्या ऑपरेशनचा कागद सापडला. पुन्हा मूल नको म्हणून मी ते करून घेतलं, आईची सही घेऊन. अंजूच्या वेळी मला किती रक्त गेलं आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, हे तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून ऐकलं होतं. आत्याबाईंनीही ऐकलं होतं. तरी सहा महिन्यांत घरात नातवाच्या गोष्टी सुरू झाल्या आणि तुम्ही गप्प बसायचात. मी तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल हे मला माहीत होतं. लपवलं ही माझी चूक. पण मी मेले नाही ही काही चूक नव्हे.

माझी शिक्षा मला द्या. फकिरी अंजूची आहे.

उज्वला


२० जून

अहो,

तुम्ही दोन्ही पत्रं वाचलीत आणि आत्याबाईंनाही वाचून दाखवलीत, हे कळलं. त्या काय म्हणाल्या तेही कळलं. "लबाड हाय ती. एक लपवलं, आता दुसरं सांगून राहिली." पंढरीदादांना सांगताना लाज वाटत होती, पण मीच खोदून विचारलं.

त्या मला लबाड म्हणोत. पण त्यांना एक विचारा, तिसऱ्या वर्षी नको कोण म्हणालं? नवस पीराचा, महिना पीराचा, आणि त्याला नियम लावला आपल्या पंचांगाचा. माझ्या तोंडून ते गेलं नव्हतं. उद्या अंजूला काही झालं तर मी कुणाकडं बघायचं, हे त्यांनीच सांगावं.

इस्लापूरला एक घर आहे, नाव लिहीत नाही. त्यांच्या लेकराची अशीच एक फकिरी राहिली होती. बापानं हसण्यावारी नेलं. मोहरमच्या दहाव्या दिवशी लेकराला ताप भरला. तो उतरला तेव्हा उजवा पाय उचलेना. अजून उचलत नाही. मी भीती घालत नाही, कानावर आलं ते सांगते. बाकी तुम्ही शिकलेले आहात.

उद्या पाचवी. अजून पाच दिवस हातात आहेत.

अंजू पहिलीत बसली ना? दप्तर कोणत्या रंगाचं घेतलं? तिचे केस धुताना कानावर बोट ठेवावं लागतं, नाहीतर पाणी जातं आणि रात्रभर कान दुखतो. वरणात लसणाची पाकळी दिसली की ती ताट सरकवते, म्हणून ठेचून घालायची. हे आत्याबाईंना माहीत आहे की नाही मला माहीत नाही. शाळेतून येताना रस्ता कोण ओलांडून देतं?

मी इथं वेडी व्हायची वेळ आली आहे. भीमा, माझा भाऊ, म्हणतो वकील गाठू. मी त्याला थांबवलं आहे. अंजूला कुठल्या साहेबापुढं उभं करून आई पाहिजे की बाप, असं विचारलेलं मला नको आहे. पण किती दिवस थांबवू?

उज्वला


२२ जून

अहो,

निरोप मिळाला. पंढरीदादांनी गाडी स्टँडवर लावून आधी घर गाठलं. "गुरुवारी नववीला घेऊन येतो, शुक्रवारी सवारी थंड झाली की परत नेतो," एवढंच तुम्ही म्हणालात ना? एवढं पुष्कळ आहे.

आत्याबाईंनीच तुम्हाला भरीस घातलं, हेही ते म्हणाले. परवापासून त्या नीट जेवल्या नाहीत म्हणे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

हिमायतनगरहून हिरवं कापड आणलं. माप माझ्याकडं जुनं आहे, चार महिन्यांत ती वाढली असणार, म्हणून घेर मोठा ठेवून शिवते आहे. चोंग्यांच्या गोड रोट्यांसाठी गूळ किसून झाला. अप्पांना सांगितलं तर ते उठून गेले आणि दाढी करून आले.

येताना तिला खिडकीपाशी बसवू नका, तिला उलटी होते. तुमच्यासाठी घर उघडं आहे. लिंबाखाली बसा म्हटलं होतं ते रागात.

उज्वला


२३ जून

अहो,

पंढरीदादांनी आज मला एक छत्री आणून दिली. लहान मुलांची, निळी, अजून वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. म्हणाले, तुमच्या घरी पाणी प्यायला गेलो तेव्हा अंजूनं आतून आणून हातात दिली. "मामा, ही तुमच्या तनुजाला न्या. मला लागणार न्हाई."

त्यांनी विचारलं, का गं? तर म्हणाली, "मला पीरबाबा नेणार हायत. आजीनं माझं एक वर्ष ठेवून घेतलं म्हणून."

रंगाची पेटी तिनं शेजारच्या मुलीला देऊन टाकली आहे. शाळेत जात नाही. दोन घास खाते आणि उठते. आत्याबाई तिला मांडीवर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं रडतात, माझ्यामुळं झालं म्हणतात, आणि ती मांडीवर बसून सगळं ऐकते. इस्लापूरच्या लेकराच्या पायाचंही तिनं ऐकलं आहे. पंढरीदादा म्हणाले, चालताना ती सारखी आपल्या उजव्या पायाकडं बघते.

अहो, तिला तसं सांगू नका. साडेपाच वर्षांच्या लेकरापुढं असं बोलतात का? तिला म्हणा, पीरबाबा लेकरांना नेत नाही. दोन दिवसांचा प्रश्न आहे. इथं आली, गळ्यात नाडा पडला, पाच घरं फिरली की सगळं विसरेल. मी तिला समजावीन. तोपर्यंत आत्याबाईंना गप्प बसायला सांगा. मीठ-मोहऱ्या उतरवून टाका. काहीतरी करा.

तिला खाऊ घाला.

उज्वला


२४ जून, पहाट

अहो,

गाडी साडेसहाला सुटते. त्याआधी हे लिहून व्हायला पाहिजे.

काल संध्याकाळी मौलासाब चाचा घरी आले. पंढरीदादांनी त्यांना छत्रीचं सांगितलं होतं. आईनं चहा पुढं ठेवला, तो त्यांनी तसाच सरकवला. आमच्या घरात त्यांनी चहा नाही म्हटलेला मी आजवर पाहिला नव्हता. मला एवढंच म्हणाले, "पीर के नाम से बच्ची कू डराती क्या बेटी? मेरे सामने पाँच हुए ना?" अप्पा तिथंच बसले होते. मी तुम्हाला काय लिहिलं, ते त्यांना तेव्हा कळलं. ते उठून गोठ्याकडं गेले आणि रात्री तिथंच झोपले.

अंजूच्या पाचही फकिऱ्या झालेल्या आहेत. एकही राहिलेली नाही.

तिसऱ्या वर्षी, धोंड्यात, तुम्ही वाण घ्यायला आला होतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानासाठी परत गेलात. मी आणि अंजू तीन आठवडे राहिलो, आठवतं? आत्याबाई नको म्हणाल्या होत्या, पण मला ते पटलं नव्हतं. पोर माझी, नवस माझ्या तोंडचा. मी चाचांना सांगितलं आणि सातवीपासून तिला फकीर केलं. तुमच्या कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून आमच्या गल्लीतली घरं सोडून वेशीकडची पाच घरं मागितली. अप्पांनी विचारलं तर सांगितलं, लातूरहून फोन आला, चालतंय म्हणाले. तिचा एक फोटोही काढू दिला नाही. मोहरम संपल्यावर त्याच मुक्कामात नांदेडला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. तीन आठवड्यांत तुमच्यापासून दोन गोष्टी लपवल्या. एक तुम्हाला फेब्रुवारीत कळली, दुसरी आज मी सांगते आहे.

मागच्या वर्षी पाचवी फकिरी झाली, तेव्हा चाचांनी स्वतः तिच्या गळ्यातला नाडा सोडला. "अब बच्ची पर कुछ बाकी नई," म्हणाले. तुम्ही तेव्हा बाहेर गाडीला टेकून फोनवर बोलत होतात. आत्याबाई अजून एक राहिली म्हणून बोटं मोजत होत्या आणि मी त्यांना मोजू दिली. तेव्हा तर भांडणही नव्हतं. खरं सांगितलं तर घरात आरडाओरडा होईल, एवढ्यासाठी गप्प बसले.

या वर्षी चंद्र दिसला आणि मला ते आठवलं. मला माहीत होतं, मी रडले तर तुम्ही येणार नाही, अप्पांनी हात जोडले तर येणार नाही. पण आत्याबाई पीराला भितात, आणि तुम्ही दाखवत नाही तरी भिता. मी विचार करून लिहिलं. एकेक ओळ मापून लिहिली. इस्लापूरचं घर नाहीच, तो पाय मी बनवला. तो लिहिताना मला वाईटसुद्धा वाटलं नाही. मला एवढंच दिसत होतं की गाडी वेशीत येते आहे आणि मागच्या सीटवर अंजू जागी आहे.

कालचं पत्र लिहिलं तेव्हाही मी खरं लिहू शकले असते. दोन दिवसांचा प्रश्न आहे म्हणाले. म्हणजे माझ्या लेकरानं आणखी दोन दिवस मरणाची वाट बघावी आणि मग मला भेटावं, असं मी लिहून पाठवलं. माझ्यासारखी आई तिला नसती तर बरं झालं असतं, असं तुमच्या घरात कुणी म्हटलं तर आज मीही तेच म्हणेन.

आता हे वाचून तुम्ही येणार नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही आले नसते. आत्याबाई लबाड म्हणाल्या होत्या, ते मी माझ्याच अक्षरात लिहून दिलं आहे. पुढं कधी कागद-कोर्ट झालं तर हे पत्र दाखवा, मी नाही म्हणणार नाही. नववी उद्याच आहे. कापड शिवून झालं आहे, ते मी शिवकांताच्या मुलीला देऊन टाकीन.

छत्री याच गाडीनं परत पाठवते. पाऊस आला की तिला लागेल.

एक मागणं आहे, आणि या वेळी त्यात माझा काही डाव नाही. हे पत्र दुकानात ठेवू नका. हातातलं गिऱ्हाईक सोडून घरी जा. आधी आत्याबाईंना वाचून दाखवा. त्या मला शिव्या देतील, पोटभर देऊ द्या. त्यांनी माझ्या पोरीचं काही ठेवलं नाही, हे त्यांना कळलं पाहिजे. त्यांची भीती गेली नाही तर अंजूची जाणार नाही.

मग अंजूला जवळ बसवा. पीरबाबाचं सांगू नका, नवसाचं सांगू नका, ती साडेपाच वर्षांची आहे. तिला सांगा, आई खोटं बोलली होती. तुला कुणी नेणार नाही, तुझे पाय चांगले आहेत, आईनं ते सगळं मनचं लिहिलं होतं. ती विचारेल, आई खोटं का बोलली? काहीही सांगा. आई वाईट आहे असं सांगितलंत तरी चालेल. ती रडेल, माझ्यावर चिडेल, कदाचित माझं नावही काढणार नाही. चिडू द्या. चिडली की तिला भूक लागते.

मग तिला वाढा. लसूण ठेचून घाला.

उज्वला